विडीची सावकारी आणि आपला प्रपंच

(धसई येथील ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 ज्ञातिसंमेलनात शिक्षण, हुंडा, लग्नातील उधळपट्टी, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. मी ज्या विषयाला आज हात घालणार आहे, तो त्यांच्या मानाने काहींना क्षुल्लक वाटेल. तो विषय विडीचा आहे, आणि विडीच्या जोडीने तंबाखूचा व मशेरीचा आहे. परंतु जी वस्तू सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत आपल्या घरात वावरते, जी लग्नाच्या मांडवात आणि दुखवट्याच्या ओटीवर सारख्याच सहजतेने फिरते, तिला क्षुल्लक कसे म्हणावे?

तंबाखूने कर्करोग होतो, हृदय बिघडते, क्षयाच्या रोग्याचे हाल वाढतात, हे आता कोणाला नव्याने सांगावयास नको. पुडक्यावर तशी चित्रेच छापलेली असतात. तरीही ते पुडके फोडले जाते, कारण मरण माणसाला नेहमी दूरचे वाटते. म्हणून मी मरणाविषयी थोडे आणि जगण्याविषयी अधिक बोलणार आहे. विडी सुटली तर उद्याच्या दिवसात, उद्याच्या कामात, उद्याच्या घरखर्चात काय फरक पडेल, आणि ती सुटावी म्हणून आपण ज्ञाती या नात्याने काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन करू. विडी-तंबाखू ही आपली पूर्वापार चाल आहे, वाडवडिलांनी चालवलेली रीत आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. तंबाखूचे झाड अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारी तंबाखू नेली, तेव्हा ती तेथे एक नवलाची वस्तू ठरली. आणि पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तिला मनाई केली. म्हणजे ज्ञानेश्वर व नामदेव यांच्या काळी महाराष्ट्रात तंबाखूची चंची नव्हती. आपले कुलदैवत, आपला कुळाचार, आपला पंढरीचा मार्ग हे सर्व तंबाखूवाचून शतकानुशतके चालले होते. ठाणे-कोकणपट्टीत आपट्याच्या पानांच्याही विड्या वळण्याची रीत होती. दसऱ्याला जे पान आपण सोने म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती देतो, त्याच पानात विष गुंडाळावयाचे, ही रीत आपण मागाहून शिकलो. जे मागाहून शिकलो, ते विसरताही येईल.

आता मुख्य प्रश्न. कष्टकरी माणूस म्हणतो, "विडीवाचून कामाला हात लागत नाही. एक झुरका घेतला की तरतरी येते." हे म्हणणे खोटे नाही, पण त्यातील हिशेब अपुरा आहे. धूर छातीत गेल्यावर थोड्याच सेकंदांत त्यातील निकोटीन हे द्रव्य मेंदूला जाऊन पोहोचते. मन क्षणभर ताजे होते. परंतु सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, आणि मग मन चुळबुळू लागते, डोके जड होते, शब्दाला शब्द वाढतो. पुन्हा विडी पेटली की ही अस्वस्थता शमते, आणि माणूस म्हणतो, "पाहा, विडीने कसे बरे वाटले!" वास्तविक पहिल्या विडीने जो खड्डा पाडला, तो दुसरीने बुजवला, इतकेच घडले. न ओढणारा माणूस ज्या सपाट जमिनीवर मुळातच उभा असतो, तेथे येण्यासाठी ओढणाऱ्याला दिवसातून दहा वेळा पैसे मोजावे लागतात.

सावकारी म्हणजे काय हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आपल्या आजा-पणज्यांनी ती भोगली आहे. पेरणीला मणभर भात उसने घ्यावे, सुगीला दीडपटीने फेडावे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दारात उभे राहावे, असा तो फेरा असे. विडीची सावकारी हुबेहूब तशीच आहे. सकाळी ती थोडी तरतरी उसनी देते, दुपारी व्याजासह वसूल करते आणि संध्याकाळी पुन्हा कर्ज देण्यास तयार असते. मूळ मुद्दल कधीच फिटत नाही. विडी सोडली तर चिंता वाढेल, डोके ठिकाणावर राहणार नाही, ही भीतीही अशीच निराधार आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांची चिंता, उदासी व मनावरचा ताण, हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेने कमी झालेले त्यात आढळले. कर्जातून सुटलेल्या माणसाला शांत झोप लागावी, यात नवल ते काय?

आता वेळेचा हिशेब मांडू. दिवसाला बारा विड्या धरा. आपल्याकडे हा आकडा मोठा नव्हे. कानावर खोचलेली विडी काढणे, काडेपेटी शोधणे, कोणाकडून तरी विस्तव मागणे, बसणे, ओढणे आणि थोटूक टाकून उठणे, यास प्रत्येकी पाच मिनिटे धरली, तर रोजचा एक तास होतो. वर्षातील कामाचे दिवस तीनशे धरले, तर तीनशे तास झाले. आठ तासांच्या दिवसाने भागिले, तर साडेसदतीस दिवस. एका कुटुंबाची आवणी बहुधा याहून कमी दिवसांत आटोपते. म्हणजे वर्षाकाठी एका आवणीएवढा काळ आपण राखेच्या रूपाने बांधावर झटकतो.

यावर कोणी म्हणेल, शेतीचे काम घड्याळावर चालत नाही. माणसाला विसावा नको काय? हा आक्षेप मी अत्यंत महत्त्वाचा मानतो, कारण विडी सुटण्यातील खरी अडचण येथेच आहे. चिखलणीत कंबरभर राबणारा माणूस उगाच बांधावर बसला, तर त्याला आळशी म्हणतात. तोच विडी पेटवून बसला, तर कोणी काही म्हणत नाही. मजुरीवर जाणाऱ्याचे आणि कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याचेही असेच आहे. विडी हे आपल्या कष्टकरी माणसाला विसाव्याचे एकमेव मान्य निमित्त होऊन बसले आहे. म्हणून माझे सांगणे असे की, विडी सोडणाऱ्याने विसावा सोडू नये. ठरल्या वेळी बांधावर बसावे, तांब्याभर पाणी प्यावे, दोन गोष्टी बोलाव्या. आणि घरच्यांनी व मुकादमाने त्याला "रिकामा का बसलास?" असे विचारू नये. विसावा हा माणसाचा हक्क आहे. त्यासाठी त्याने धुराचा दाखला का दाखवावा?

पैशांचा हिशेब याहून सोपा आहे, पण तो कोणी करीत नाही. धसईत तो करणे विशेष उचित आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या दिवसांत, या गावाचे नाव महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून वृत्तपत्रांत गाजले. येथील दुकानदारांनी बँकेची कार्डयंत्रे दुकानात मांडली. त्या प्रयोगाच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु त्यातून एक धडा घेण्याजोगा आहे. जो खर्च नोंदला जातो, तो डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि जो सुट्या नाण्यांतून होतो, तो कोणाच्याच हिशेबात येत नाही. विडीचा खर्च हा असा सुट्या नाण्यांचा खर्च आहे. रोजचे वीसच रुपये धरले, तरी वर्षाचे ७,३०० रुपये होतात आणि दहा वर्षांचे ७३,०००. एका मुलाच्या वह्या-पुस्तकांना व एसटीच्या पासाला यातून केवढा हातभार लागेल! घरात ओढणारे दोघे असतील, तर रक्कम दुप्पट. माझी विनंती आहे की, ज्यांना माझे बोलणे पटत नसेल, त्यांनी केवळ एक महिना हा खर्च वहीत लिहावा. दुसऱ्या महिन्यात मी सांगण्याची गरज राहणार नाही.

शरीराकडे वळू. विडीत तंबाखू थोडी असते, म्हणून ती सिगारेटहून सौम्य, असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. विडीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, त्यामुळे ती वारंवार विझू पाहते आणि पेटती ठेवण्यासाठी जोराने व पुन्हा पुन्हा ओढावी लागते. मुंबईतील सुमारे एक लाख रहिवाशांची नोंद ठेवून जो दीर्घ अभ्यास झाला व ज्याचे निष्कर्ष डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांतील मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांहूनही अधिक आढळले.

परंतु मी जगण्याविषयी बोलेन असे म्हटले होते. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्यांचा घात करणारा वायू तो हाच. तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. म्हणून डोंगराची चढण चढताना, भाताचे भारे खळ्यावर आणताना, ओढणाऱ्याची छाती आधी भरून येते. विडी बंद झाल्यावर साधारण एका दिवसात हा वायू रक्तातून उतरतो. पुढे दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांच्या आत रक्ताभिसरण सुधारते व फुफ्फुसांची शक्ती वाढू लागते. जेवणाला चव येते. नव्या भाताचा वास, पहिल्या पावसाचा वास पुन्हा कळू लागतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून तेथील डॉक्टरांचाच पन्नास वर्षे अभ्यास चालविला. त्यात असे दिसले की, तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सुमारे १० वर्षे, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यासही ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभते. "आता आमचे काय राहिले!" असे म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. तीन वर्षांत नातवाचे लग्न होऊन पणतूचे बारसे पाहता येते.

आता भगिनींशी दोन शब्द, आणि ते अत्यंत नम्रतेने. मशेरीला आपण दात घासण्याची वस्तू म्हणतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईतच बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी वा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक दिसले. ज्या मातेने बाळासाठी डोहाळे आवरले, उपासतापास केले, तिच्याकडून अजाणता एवढे वजन बाळाच्या अंगावरून उतरावे, ही खेदाची गोष्ट होय. परंतु पुरुषांनी हे ऐकून घरी जाऊन बायकांना उपदेश करू नये. ज्याच्या स्वतःच्या खिशात बंडल आहे, त्याच्या उपदेशाला चुलीतल्या धुराइतकीही किंमत नाही. प्रथम आपली विडी, मग तिची मशेरी, हाच क्रम राहू द्यावा.

येथे महाराष्ट्रासंबंधीचा एक आकडा सांगतो. २००९-१० साली राज्यातील प्रौढांपैकी ३१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू वापरीत. २०१६-१७ च्या पाहणीत ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. म्हणजे लोक सोडू शकतात. परंतु त्याच पाहणीत ओढणारे केवळ ३.८ टक्के आणि चघळणारे, लावणारे, खाणारे २४.४ टक्के होते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी चंची व डबी सुटली नाही. म्हणून विडी टाकून तोंडात बार भरणे याला सोडणे म्हणता येत नाही. तो सावकार बदलणे झाले.

सोडावी कशी, याविषयी थोडक्यात सांगतो. आवणी किंवा झोडणीच्या ऐन गर्दीत आरंभ करू नये. त्यामानाने मोकळा दिवस ठरवावा व तो घरी सर्वांना सांगावा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप मोडते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. काहींना आरंभी खोकला वाढल्यासारखा वाटतो. छाती स्वच्छ होण्याचे ते लक्षण असते, पण तो टिकला तर दवाखान्यात दाखवावे. "विडीवाचून सकाळी पोट साफ होत नाही" ही तक्रार तर घरोघरची आहे. निकोटीन आतड्यांना चाळवते, म्हणून तशी सवय जडते. उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात भाकरी व पालेभाजी ठेवली, म्हणजे थोड्या दिवसांत आतडी आपले काम आपण करू लागतात. तल्लफ आली असता ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला काम व तोंडाला बडीशेप द्यावी. एखादे दिवशी पाऊल घसरले, तर सर्व बुडाले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. सरकारची १८००-११-२३५६ ही दूरध्वनीवरील सल्लासेवा २०१६ पासून विनामूल्य सुरू झालेली आहे. जुन्या व भारी सवयीच्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधही घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु बंधूंनो, एकट्याने सोडलेली विडी चार जणांत बसले की पुन्हा हातात येते. ती कोण देते? शत्रू देत नाही. मामा देतो, व्याही देतो, भाऊबंद देतो. आपल्याकडे विडी पुढे करणे हा मान आहे आणि ती नाकारणे हा अपमान समजला जातो. हळदीच्या रात्री, सुपारी फोडताना, पंचांच्या बैठकीत, तेराव्याच्या दिवशी, पानसुपारीच्या ताटात विडीची बंडले मांडलेली असतात. ज्याने महत्प्रयासाने तीन आठवडे काढले, तो त्या ताटापुढे हरतो. त्याला हरवणारे आपणच असतो. ज्ञातीने घातलेली ही रीत मोडणे ज्ञातीलाच शक्य आहे. वैद्याला वा सरकारला नव्हे.

हे अशक्य नाही. श्रीगाडगेमहाराज खराटा व कीर्तन एवढ्या साधनांनी गावोगाव व्यसनांविरुद्ध लोकांना जागे करीत हिंडले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे कार्य उभे राहिले, आणि तेथे गावांनी एकत्र बसून दारू व तंबाखूविरुद्ध निर्णय घेतले. गावाने ठरविले म्हणजे एकट्यादुकट्याची लाज निघून जाते, हे त्यातील मर्म आहे.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन सूचना ठेवतो. चालकांना योग्य वाटल्यास त्यांनी त्या ठरावाच्या रूपाने मांडाव्या.

पहिली, ज्ञातीतील कोणत्याही मंगल वा अशुभ कार्यात, तसेच संस्थेच्या बैठकीत, ताटात विडी व तंबाखू ठेवू नये. त्याऐवजी आपली जुनी गूळ-पाण्याची रीत पाळावी. बडीशेप, खडीसाखर, शेंगदाणे ठेवावे. यजमानावर कंजूषपणाचा आरोप येऊ नये म्हणून हा नियम ज्ञातीच्या नावाने व्हावा.

दुसरी, कोणत्याही वडील माणसाने लहान मुलास विडी आणावयास दुकानात किंवा ती पेटवून आणावयास चुलीपाशी पाठवू नये. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे व त्याच्याकरवी विकणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की, चुलीपासून ओटीपर्यंत येताना ती विझू नये म्हणून पोर पहिला झुरका घेते. आपल्या अनेक घरांत या व्यसनाची दीक्षा अशीच मिळाली आहे.

तिसरी, जो सोडण्याचा निश्चय करील, त्याला पहिले महिनाभर घरच्यांनी व आळीने सांभाळावे; त्याची थट्टा करू नये, त्याच्यापुढे विडी धरू नये. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, नावे न घालता, कोणत्या गावी किती जणांनी सोडली एवढा आकडा छापावा. देणगीदारांची यादी आपण छापतोच. त्या यादीइतकाच हाही आकडा ज्ञातीला भूषणावह होईल.

या सभेत असे अनेक ज्येष्ठ आहेत की, ज्यांनी काबाडकष्ट करून मुलांना शिकविले, ज्ञातीची ही संस्था उभी केली. त्यांच्या ताटातील विडी काढून घेण्याची माझी योग्यता नाही. मी त्यांच्याकडे इतकेच मागणे मागतो की, पुढच्या मांडवात जेव्हा ताट तुमच्यापुढे येईल, तेव्हा आधी तुम्हीच "आमच्यात आता ही रीत नाही" असे म्हणावे. तरुण मंडळी तुमचे ऐकतील, कारण रीत तुमच्या हाती आहे. सावकाराचे कागद एकदा तुमच्या पिढीने फाडले आहेत. हा एक कागद राहिला आहे, तोही तुमच्याच हातून फाटावा.